तुमचे प्रश्न, आमची खुडबुड : सर्फ वाजवायला अ‍ॅम्प कुठला?

मागच्या वेळी या पानावर स्प्रिंग रिव्हर्बबद्दल (आवाज स्प्रिंगांतून फिरवून घुमणारा करायची युक्ती) जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या आणि जाता जाता म्हटलं होतं की सर्फ म्युझिक वाजवणाऱ्यांनी अ‍ॅम्पबद्दल काही असेल तर विचारा. तर विचारलंत की हो सगळ्यांनी. एवढी पत्रं आली की यावेळचं पान अख्खं त्यालाच देतोय. ज्यांना सर्फ म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तयार झालेलं नाचायचं संगीत, बहुतेक वेळा बिनशब्दांचं, त्यात गाणं गिटारच म्हणते आणि त्या गिटारचा आवाज पाण्यात बुडवून काढल्यासारखा ओला असतो. बाकी पुढे येईलच.

प्रश्न : दादा, सरळ विचारतो, सर्फसाठी तुमचा स्वतःचा आवडता अ‍ॅम्प कुठला? मी आठ वर्षं मेटल वाजवलंय, माझ्याकडे हाय गेनवालं, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारं हेड आहे, आता जॅझमास्टर गिटार घेतलीय पण त्या हेडच्या क्लीन, म्हणजे न फाटणाऱ्या चॅनेलवर ती मजाच येत नाही. यादी नको, एकच नाव सांगा. — जॅझमास्टरवाला

उत्तर : एकच नाव मागितलंत म्हणून बरं वाटलं, नाहीतर लोक विचारतात एक आणि त्यांना हवे असतात दहा. फेंडर कंपनीचं बँडमास्टर हेड (हेड म्हणजे स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प), ब्लॅकफेस म्हणजे काळ्या तोंडाच्या काळातलं, १९६३ ते ६७ मधलं, ४० वॉट, आत रिव्हर्ब नसलेलं. त्याखाली १५ इंची एकच स्पीकर असलेली कॅब, म्हणजे स्पीकरची पेटी, आणि गिटार नि हेडच्या मध्ये वेगळा स्प्रिंग रिव्हर्बचा डबा. झालं उत्तर.

आता का ते सांगतो, कारण नाव ऐकून लगेच शोधायला धावाल आणि नाही मिळालं की हिरमुसाल, तर त्यातलं तत्त्व कळलं की दुसरंही काही चालतं.

सर्फच्या अ‍ॅम्पची गोष्ट म्हणजे खरं तर अ‍ॅम्प जळण्याची गोष्ट आहे. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बल्बोआच्या रॉन्देव्हू बॉलरूममध्ये सर्फ गिटारवाला डिक डेल वाजवायचा, हजारो पोरं नाचायला यायची, माणूस डावखुरा, गिटार उलटी धरलेली, तारा न बदलता तशाच, आणि त्या तारा इतक्या जाड की आजचा नेहमीचा सेट त्यांच्यापुढे शिवणाचा दोरा वाटावा. हॉल भरला की माणसांची अंगं आवाज पिऊन टाकतात, म्हणून तो व्हॉल्यूम वाढवायचा, आणि वाढवला की तेव्हाचे अ‍ॅम्प नि स्पीकर दम तोडायचे. फेंडर कंपनीचे लिओ फेंडर आणि त्यांचे सहकारी फ्रेडी टव्हारेस यांनी या माणसासाठी म्हणून जोरदार आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालून अ‍ॅम्प बनवला, त्याला १५ इंची जेबीएलचा डी१३० स्पीकर लावला, आणि त्यातून शोमन नावाचा अ‍ॅम्प आला. मग एकाने भागेना म्हणून दोन स्पीकरवाला ड्युअल शोमन. म्हणजे बघा, या संगीताला पहिल्या दिवसापासून हवं काय होतं, तर मोठ्याने वाजवलं तरी फाटायचं नाही.

तुम्ही मेटलमधून येताय म्हणून हे जरा उलटं वाटेल. मेटलवाला अ‍ॅम्प घेताना फाटल्यावर कसा वाजतो ते बघतो, ब्लूजवाला कधी फाटायला लागतो ते बघतो, आणि सर्फवाल्याला बघायचं असतं की न फाटता किती लांब जातो. ह्यालाच हेडरूम म्हणतात. शोमन आणि फेंडरच्याच ट्विनमध्ये ६एल६ जातीच्या चार पॉवर ट्यूब (आवाजाला शेवटची ताकद देणाऱ्या काचेच्या नळ्या), ८५ वॉट, आणि रेक्टिफायर (एसी वीज डीसी करणारा भाग) ट्यूबचा नाही तर डायोडचा, त्यामुळे जोरात पिक मारली तरी आतला व्होल्टेज दबत नाही, सूर जसा मारला तसा सटकन बाहेर येतो. भराभर डबल पिकिंग (एकच सूर पिक खाली-वर दोन्हीकडे मारत वाजवणं) करताना हा सटकनपणा लागतोच, नाहीतर सगळे सूर एकमेकांत कालवल्यासारखे होतात.

मग मी ८५ वॉटचा शोमन का नाही सांगितला? कारण मी हजारोंच्या हॉलमध्ये वाजवत नाही आणि तुम्हीही वाजवत नसाल. ४० वॉटचं बँडमास्टर ६एल६ च्या दोन ट्यूबवर चालतं, ड्रमबरोबर टिकतं, उचलता येतं, आणि त्यात रिव्हर्ब नाही हे माझ्या हिशोबात चांगलंच आहे, कारण तो मला बाहेरचाच लावायचाय. शिवाय रिव्हर्ब नाही म्हणून बाकीच्यांना ते नकोसं असतं, तेवढीच आपल्याला स्पर्धा कमी.

ब्लॅकफेस नाही मिळालं तर सिल्व्हरफेस, म्हणजे १९६८ नंतरची चंदेरी तोंडाची. ब्लूजवाले यांना नाकं मुरडतात, म्हणतात हे अ‍ॅम्प फारच क्लीन आणि कडक झाले, सत्तरच्या दशकाच्या शेवटी तर ट्विन १३५ वॉटवर नेऊन ठेवला. अहो मग तेच तर आपल्याला पाहिजे! दुसऱ्याची तक्रार ती आपली मेजवानी. सिल्व्हरफेस ड्युअल शोमन रिव्हर्बचं हेड म्हणजे आतून ट्विन रिव्हर्बच आहे, फक्त स्पीकर वेगळे, तेव्हा असं एखादं दिसलं तर एकदा तरी वाजवून बघा.

आणि तुमचं मेटलवालं हेड लगेच विकू नका. आधी त्याच्या क्लीन चॅनेलवर गेन अगदी खाली, मास्टर वर, पुढे स्प्रिंग रिव्हर्ब आणि खाली जास्त सेन्सिटिव्ह, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये जास्त मोठ्याने वाजणारा स्पीकर असं लावून बघा. दर तीन डेसिबलला वॉट दुप्पट लागतात, म्हणजे ९७ डेसिबलचा स्पीकर काढून १०० डेसिबलचा लावला की अ‍ॅम्प दुप्पट वॉटचा केल्यासारखंच झालं, तेही अ‍ॅम्पला हात न लावता. स्पीकर बदलताना ओहम मात्र हेडच्या मागे लिहिलेल्याशी जुळवा, आणि ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर न लावता कधी म्हणजे कधी चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

प्रश्न : ट्विन रिव्हर्बमध्ये रिव्हर्ब आहेच की आतमध्ये. मग सगळे सर्फवाले तो वेगळा तीन नॉबचा डबा का मिरवतात? मला तर हा सगळा जुन्या वस्तूंचा सोस वाटतो. — रोखठोक

उत्तर : सोस थोडा आहे हे मान्य, तो डबा दिसतो पण फार देखणा. पण फरक खरा आहे आणि तो कानाला लगेच कळतो, आणि मला विचाराल तर अ‍ॅम्प कुठला याच्यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

स्प्रिंग रिव्हर्ब मुळात हॅमंड ऑर्गनवाल्यांचं, फेंडरने त्यांच्याकडून लायसन घेतलं आणि १९६१ मध्ये वेगळा डबा काढला, ६जी१५ नावाचा. अ‍ॅम्पच्या आत रिव्हर्ब आला तो त्यानंतर, १९६३ च्या व्हायब्रोव्हर्बमध्ये पहिल्यांदा, आणि मग ट्विन, डिलक्स, सुपर, प्रिन्स्टन अशी रांगच लागली. दोन्हीकडे साधारण ४३ सेंटीमीटरचा लांबट पत्र्याचा टँक, आत ताणलेल्या स्प्रिंगा, एका टोकाला सिग्नल त्यांना हलवतो, दुसऱ्या टोकाला ती हालचाल परत सिग्नल होते. मग फरक कुठे?

पहिला फरक, स्प्रिंगांना मारतो कोण. वेगळ्या डब्यात एक छोटी पॉवर ट्यूबच, ६के६, फक्त स्प्रिंगा हलवायला बसवलेली आहे. अ‍ॅम्पच्या आतल्या सर्किटमध्ये ते काम १२एटी७ करते, ती प्रीअ‍ॅम्पच्या (गिटारचा सिग्नल सुरुवातीला वाढवणाऱ्या भागाच्या) कुळातली ट्यूब, तिच्याने होतं पण तेवढा धपाटा बसत नाही. दुसरा फरक, किती जोरात मारायचं ते ठरवायला डब्यावर ड्वेल नावाचा नॉब आहे, मिक्सर वेगळा आणि टोन वेगळा. अ‍ॅम्पवर एकच नॉब, तो फक्त परत आलेला आवाज किती मिसळायचा ते ठरवतो, स्प्रिंगांना जोर किती ते तुमच्या व्हॉल्यूमवर अवलंबून. तिसरा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, डबा अ‍ॅम्पच्या आधी असतो त्यामुळे ओला आवाज अख्ख्या अ‍ॅम्पमधून, प्रीअ‍ॅम्प, ट्रेबल, बेस सगळ्यांतून शिजून येतो. आतला रिव्हर्ब प्रीअ‍ॅम्पच्या नंतर येऊन मिसळतो, म्हणून तो गिटारच्या मागे उभा असल्यासारखा ऐकू येतो. डब्याचा रिव्हर्ब गिटारला चिकटलेला असतो.

आणि ते ड्रिप, म्हणजे तळहाताने तारा दाबून पिक मारली की टुप् टुप् असा थेंब पडल्यासारखा आवाज येतो ना, तो स्प्रिंगच्या स्वभावामुळे येतो. स्प्रिंगमधून खर्जाचे आणि वरचे सूर एकाच वेगाने जात नाहीत, काही आधी पोचतात, काही मागून रेंगाळत येतात, म्हणून एक छोटा टक् असा आवाज आत गेला की पलीकडून तो ताणून वाकलेला निघतो. आत जाणारा आवाज जितका आखूड आणि जितका जोरात तितका थेंब ठळक. म्हणून ड्वेल वर असला आणि हात दाबलेला असला की ड्रिप, आणि ड्वेल खाली असला की नुसतीच मागे धुसर झाक.

माझी सुरुवातीची सेटिंग सांगतो, ड्वेल ५ किंवा ६, मिक्सर ५, टोन ६, तिथून पुढे तुमचे कान. ट्विन असेल तर डबा नॉर्मल चॅनेलला लावा म्हणजे आतला रिव्हर्ब मध्ये येणार नाही, आणि ब्राइटचा स्विच बंद ठेवा, नाहीतर डोक्यात सुया टोचल्यासारखं होतं. एक धोका आहे, हंबकरवाली (दोन कॉइलच्या पिकअपची) जास्त आउटपुटची गिटार असेल तर डबाच आतून फाटायला लागतो, मग गिटारचा व्हॉल्यूम ७ वर आणा.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, घरी वाजवते, बाजूच्या खोलीत आजी झोपलेली असते. २२ वॉटचा डिलक्स रिव्हर्ब मिळतोय आणि एका मैत्रिणीचा भाऊ ८५ वॉटचा ट्विन देतोय. ट्विन चौपट मोठ्याने वाजेल ना? — व्हॉल्यूम १ वर

उत्तर : नाही वाजणार, आणि ही गंमत सगळ्यांना एकदा कळायला हवी. २२ आणि ८५ वॉटमध्ये फरक जेमतेम सहा डेसिबलचा. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. तेव्हा ट्विन चौपट सोड, दुप्पटही मोठा नाही. पण तो त्याच्या कमाल आवाजापर्यंत स्वच्छ जातो आणि डिलक्स मधेच, साधारण ४ वर गेला की कडा फाटायला लागतात. बँडबरोबर ड्रमच्या शेजारी हा फरक जाणवतो, आजीच्या शेजारी नाही.

तू डिलक्स घे. १२ इंची एक स्पीकर, उचलायला तुलनेने हलका, घरी क्लीन राहतो, आणि पुढे बँड जमलाच तर मायक्रोफोन लावून चालतो. एकच भानगड आहे, वर रोखठोक यांना सांगितलं तसं आतल्या रिव्हर्बचा जोर व्हॉल्यूमवर असतो, १ वर ठेवलास तर स्प्रिंगा नुसत्या डुलक्या काढतील. म्हणून आधी अ‍ॅम्प घे आणि मग सावकाश पैसे साठवून पुढे लावायचा वेगळा स्प्रिंग रिव्हर्ब घे, त्याला अ‍ॅम्पच्या व्हॉल्यूमशी देणंघेणं नसतं, आजी झोपेतून न उठता ड्रिप पूर्ण मिळेल. मला विचारशील तर घरी वाजवणाऱ्यांना वेगळ्या डब्याचा फायदा स्टेजवाल्यांपेक्षा जास्त आहे, पण हे कुणी सांगत नाही.

प्रश्न : तुम्ही आणि तुमचं रिव्हर्ब! सर्फच्या पहिल्या रेकॉर्डवर रिव्हर्ब नव्हताच मुळी. डिक डेलचं ‘लेट्स गो ट्रिपिन’ ऐका, बेलएअर्सचं ‘मिस्टर मोटो’ ऐका, दोन्ही १९६१ ची, दोन्ही कोरडी ठणठणीत. उगाच नव्या पोरांना डबे विकू नका. — जुना खोड

उत्तर : आलात का! वाटच बघत होतो. काका, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि मी ते खाली मान घालून मान्य करतो. ती दोन्ही गाणी कोरडी आहेत आणि दोन्ही सर्फच आहेत, शंभर टक्के. रिव्हर्ब मागून आला, आणि डिक डेल स्वतः सांगायचा की त्याला तो आधी गिटारला नाही तर स्वतःच्या गाण्याच्या आवाजाला हवा होता, कारण गळ्याला कंप नव्हता. मग गिटारला लावून बघितला आणि पुढे सगळा किनाराच ओला झाला.

पण तुमच्या पत्रातून एक फार कामाची गोष्ट निघते. अ‍ॅम्प बघायला जाल तेव्हा रिव्हर्ब शून्यावर ठेवा. अगदी शून्य. मग ब्रिज पिकअपवर खालच्या जाड तारेवर दाबून वाजवा, मग तीच ओळ हात उचलून, मग वरच्या तारांवर डबल पिकिंग, आणि व्हॉल्यूम वाढवत न्या. कोरडा असताना जाड तारेचा सूर गोल आणि टणक वाटला, पिकचा टक् ऐकू आला, आणि वाढवल्यावर कुठे आवाज दबून पसरला नाही तर तो सर्फचा अ‍ॅम्प. रिव्हर्ब चालू करून बघितलं तर काय, कुठलाही अ‍ॅम्प पाच मिनिटं गोडच वाटतो. मी स्वतः एकदा असाच फसलो होतो, दुकानात रिव्हर्ब ८ वर ठेवूनच वाजवला, खूश होऊन घरी आणला, दुसऱ्या दिवशी कोरडा वाजवला तर मधले सूर नाकातून बोलल्यासारखे. सहा महिन्यांत विकला, तोही तोटा खाऊन.

प्रश्न : व्हॉक्स एसी३० वर सर्फ वाजतं का? माझ्या वडिलांना शॅडोज फार आवडतात, त्यांच्याकडे तो आहे, नवीन कशाला घेऊ? — फुकटचा अ‍ॅम्प

उत्तर : वडिलांना नमस्कार सांगा. शॅडोज म्हणजे इंग्लंडमधला गिटारचा बँड, सर्फच्या थोडं आधीचा आणि चुलत नात्यातला, त्यातल्या हँक मार्विनच्या गिटारवर स्प्रिंगचा रिव्हर्ब नाही, टेपच्या जातीचा इको असतो, आवाज ओला कमी आणि लांबवर घुमणारा जास्त. एसी३० मध्ये ईएल८४ च्या चार ट्यूब आणि फेंडरसारखा निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर जाणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा परत आत देऊन त्याला ताठ ठेवायची सोय) नाही, त्यामुळे तो हळूहळू, लाडालाडात फाटतो, फेंडर एका ठिकाणापर्यंत ताठ राहतो. धीम्या, गोड चालींना एसी३० सुंदर. वेगवान डबल पिकिंगला जरा मऊ पडतो, टोकदारपणा बोथट होतो. पण फुकट आहे ना? मग वाजवा की, पुढे स्प्रिंग लावा, व्हॉल्यूम खाली ठेवा, आणि सहा महिन्यांनी मला परत लिहा.

प्रश्न : सर, माझं वय ५४, कंबर गेलेली. ट्विन मला परवडतो पण जिना चढवत नाही. ट्यूब नसलेला अ‍ॅम्प आणि रिव्हर्बचं पेडल असं घेतलं तर सर्फवाले हसतील का? — कंबरदुखी

उत्तर : सर वगैरे नको हो, आपण एका वयाचे. हसणारे हसू देत, त्यांना पन्नाशी गाठू द्या. ट्विन रिव्हर्ब म्हणजे नाकापेक्षा मोती जड, आजचा रीइश्यू, म्हणजे जुन्याची नव्याने काढलेली आवृत्ती, साधारण २९ किलो आहे आणि हँडल मधोमध एकच. मी तो तीन मजले चढवलाय, दोनदा, आणि तिसऱ्या वेळी खालीच वाजवायचं ठरलं.

सर्फला क्लीन आवाज हवा, आणि क्लीन आवाज देण्यात ट्रान्झिस्टर कधीच कमी नव्हते. ट्यूबचं जे कौतुक आहे ते फाटण्याच्या वेळचं, आपण तिथे जातच नाही, मग आपण कशाला लाजायचं? रोलँडचा जॅझ कोरस जेसी-१२० हा १९७५ पासूनचा, दोन १२ इंची स्पीकर, कितीही वाढवा काचेसारखा स्वच्छ. तोही हलका नाही म्हणा, पण विश्वासू आहे. वजनाचाच प्रश्न असेल तर फेंडरने २०१९ मध्ये टोन मास्टर म्हणून डिजिटल ट्विन आणि डिलक्स काढलेत, दिसायला हुबेहूब, ट्विन सुमारे १५ किलो आणि डिलक्स तर साडेदहाच्या आसपास. मागे पॉवर कमी करायचा नॉबही आहे. मी या डिजिटल ट्विनवर दोन कार्यक्रम वाजवले, ऐकणाऱ्या एकालाही कळलं नाही आणि मला कळलं ते फक्त घरी जाताना, कंबर दुखली नाही म्हणून.

पेडलचं म्हणाल तर इथे मी जरा कडक आहे. डिजिटल रिव्हर्बमध्ये हॉल, प्लेट, चर्च असं बरंच असतं, त्यातल्या स्प्रिंग नावाच्या सेटिंगवर विसंबू नका, बहुतेक वेळा ती दुधाची तहान ताकावर. खास ६जी१५ च्या डब्याची नक्कल म्हणून बनवलेली पेडल येतात, त्यांच्यावर ड्वेलचा नॉब असतो की नाही ते आधी बघा. त्याहून चांगलं म्हणजे खरी स्प्रिंग असलेले ट्यूबशिवायचे डबे, सर्फीबेअर हे त्यातलं माहितीतलं नाव, आत ट्यूबऐवजी एफईटी जातीचे ट्रान्झिस्टर आहेत, वजन कमी, आणि स्प्रिंग खरी असल्यामुळे ड्रिपही खरं. कुठलंही घ्या, लावायचं अ‍ॅम्पच्या आधी, इफेक्ट लूपमध्ये (प्रीअ‍ॅम्पनंतर पेडल जोडायच्या जागी) नाही. लूपमध्ये लावलंत की तो पुन्हा मागे उभा राहिलेला रिव्हर्ब झाला.

प्रश्न : बेसवाल्याला कोणी विचारत नाही. — चार तारा

उत्तर : विचारतो हो! पण तुम्ही काही विचारलंच नाहीत. बेसला रिव्हर्ब शून्य, एवढं लक्षात ठेवा, दोघेही ओले झाले की चिखल होतो. पिकने वाजवा, ब्रिजजवळ तारांवर हात किंवा स्पंजचा तुकडा टेकवा, म्हणजे सूर आखूड आणि टुणटुणीत राहतो आणि ड्रमच्या किकबरोबर बसतो. जुन्या मंडळींकडे फेंडर बेसमन असायचा, आज १५ इंची स्पीकरचा कुठलाही स्वच्छ बेस अ‍ॅम्प चालेल, वॉट गिटारवाल्याच्या दुप्पट तरी घ्या कारण खर्जाला ताकद जास्त लागते.

प्रश्न : अ‍ॅम्पवर व्हायब्रॅटो लिहिलंय, गिटारच्या दांड्याला ट्रेमोलो म्हणतात, आणि शिकवणारे सर म्हणतात दोन्ही चूक. कोण बरोबर? — गोंधळलेला

उत्तर : सर बरोबर. सूर वरखाली होतो तो व्हायब्रॅटो, आवाज कमीजास्त होतो तो ट्रेमोलो. फेंडरने गिटारच्या दांड्याला ट्रेमोलो म्हटलं आणि ब्लॅकफेस अ‍ॅम्पवरच्या ट्रेमोलोला व्हायब्रॅटो, दोन्ही उलटं, आणि आता साठ वर्षं झाली, कोण बदलणार. सर्फला दांडा जास्त लागतो, अ‍ॅम्पवरचा नॉब संथ गाण्यांना. त्यासाठी म्हणून अ‍ॅम्प निवडू नका.

प्रश्न : माझ्याकडे जुना सिल्व्हरफेस कॉम्बो (हेड नि स्पीकर एकाच पेटीत) आहे. दोन त्रास आहेत. रिव्हर्ब वाढवला की हम्म् असा आवाज येतो, आणि स्टेजवर कोणी उडी मारली की आकाश कोसळल्यासारखा कडकडाट होतो. अ‍ॅम्प बिघडलाय की बदलू? — कडकडाट

उत्तर : बदलू नका, तुमचा अ‍ॅम्प ठीकच दिसतोय. कॉम्बोच्या तळाशी काळ्या रेक्झिनच्या पिशवीत तो टँक पडलेला असतो, त्यातली स्प्रिंग हलली की ती तुमची गिटार आहे की कुणाची उडी हे तिला कळत नाही. पिशवी आहे का बघा, टँकची उघडी बाजू खाली आहे का बघा, खाली पुठ्ठा किंवा पातळ फोम घाला.

हम्मचं कारण बहुतेक वेळा असं असतं की टँकचं आउटपुटचं टोक पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या जवळ येतं आणि तिथली घरघर उचलतं. टँक उलटसुलट फिरवून त्याचं आउटपुट ट्रान्सफॉर्मरपासून लांब जाईल असं करा, निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं. मग वायरी, त्या जुन्या झाल्या की शील्ड तुटते, बदलायला स्वस्त आहेत. रिव्हर्ब पूर्णच गेला तर अ‍ॅम्प बंद करून, प्लग काढून, टँकच्या दोन्ही वायरी उपसून मल्टिमीटर लावा. या फेंडरांत असतो त्या टँकचं इनपुट साधारण १ ओहमच्या आत आणि आउटपुट २०० ओहमच्या आसपास दाखवायला हवं. काहीच दाखवलं नाही तर आतली केसासारखी बारीक वायर तुटलीय, तर टँकच नवीन घ्या. याच्यापुढे मात्र चासीत, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यात, हात घालू नका, बंद असलेल्या अ‍ॅम्पच्या कपॅसिटरमध्येही ४०० व्होल्टच्या वर साठून राहू शकतात, ते काम जाणत्या माणसाचं.

कडकडाट पूर्ण थांबवायचा असेल तर वेगळा डबा घ्या आणि तो अ‍ॅम्पच्या डोक्यावर न ठेवता बाजूला खुर्चीवर ठेवा, खुर्चीखाली घडी केलेलं पांघरूण. अ‍ॅम्पवर ठेवलात तर स्पीकरचा हादरा स्प्रिंगला, स्प्रिंगचा परत स्पीकरला, असं फिरत फिरत हूऽऽ असं ओरडायला लागतं. आमच्या बँडमध्ये डबा खुर्चीवरच असतो, आणि शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या ठोक्याला आमचा ड्रमर उठून त्या खुर्चीला मुद्दाम एक लाथ घालतो, दरवेळी, आणि दरवेळी मी दचकतो.